वाफसा कुणाच्या वहीत?

काका, सप्रेम नमस्कार.

कयाधूच्या काठाला आमची सात एकर काळी जमीन आहे. दहा-बारा वर्षं सोयाबीन आणि त्यावर हरभरा, हीच जोडी. दोन्ही पेरण्यांआधी रोटा (रोटाव्हेटर) मारतो. पूर्वी मोठा पाऊस झाला तरी दुसऱ्या दिवशी पाणी जिरायचं, आता तीन-तीन दिवस उभं राहतं. यंदा सोयाबीन पट्ट्यापट्ट्यानं पिवळं पडलं. दुकानदारानं दोन फवारण्या दिल्या, फरक नाही. एकरी नऊ-दहा क्विंटलवरून सहावर आलोय. वडील म्हणतात, रोट्यानं जमीन मारली, वखर काढा. मोठा भाऊ म्हणतो, खालचा थर फोडायला सबसॉयलर घेऊ, कर्ज काढू. मी मोबाईलवर बघतो तर नांगरटच बंद करा म्हणतात. घरात या विषयावर रोज वाद होतो. गेली दोन वर्षं काढणी पावसातच हार्वेस्टरनं करावी लागली. बैल तीन वर्षांपूर्वी विकले, यंदाही पोळ्याला मातीचेच पुजले. कुणाचं ऐकू?

– एक वाचक, हिंगोली जिल्हा

तू काका म्हणालास म्हणून अरेतुरेवर येतो. वय लिहिलं नाहीस. माझ्याहून मोठा निघालास तर राग मानू नकोस.

पत्र मी दोनदा वाचलं. तीन माणसांची तीन मतं त्यात आहेत, दुकानदाराच्या दोन फवारण्या आहेत, कर्जाची गोष्ट आहे. कुणी कुदळ घेऊन शेतात एक खड्डा खणला, एवढं मात्र कुठे दिसलं नाही. आणि ज्या वाक्यावर माझं बोट अडलं ते तू अगदी शेवटी, बैलांच्या आधी, जाता जाता लिहिलंयस: काढणी पावसात हार्वेस्टरनं झाली. रोट्यावर तुमच्या घरात इतकी भांडणं झाली की हार्वेस्टरचा विचार करायला कुणाला सवडच मिळाली नसावी.

आधी बांधावर जाऊन उभा राहा. हे काम याच आठवड्यात कर, कारण आठ-दहा दिवसांत सोयाबीन पक्व होऊन सगळंच पिवळं व्हायला लागेल आणि पट्टे ओळखू येणार नाहीत. रोटा वावरभर फिरतो. नुसत्या रोट्याचं दुखणं असतं तर सगळं वावर थोड्याफार फरकानं सारखंच पिवळं पडलं असतं. तुझ्याकडे पट्टे आहेत. मग ते मोज. एका पट्ट्याची रुंदी किती, जोडीच्या पट्ट्यापासून त्याचं अंतर किती, आणि धुऱ्याजवळ यंत्र जिथे वळतं तिथे पट्टे गोल फिरतात का? फिरत असतील तर पुढचं फार विचारायला नको, ते चाकाचे माग आहेत. एकच ओळ सरळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळी असेल, तर पेरणीयंत्राची खताची नळी तुंबली होती असं समज. तो आजार वेगळा आणि स्वस्त आहे.

पिवळेपणातही प्रकार आहेत आणि दुकानात बसून ते कळत नाहीत. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमीची, आणि पाणी साचलं की वाढते. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे ठिपके, पांढरी माशी सोबतीला, तर तो पिवळा मोझॅक. आणि खालची जुनी पानं आधी फिकट होऊन झाड खुरटलं असेल, तर नत्र मिळत नाही. सोयाबीनला नत्र मुळांवरच्या गाठी देतात, आणि त्या गाठींना हवा लागते. हिरव्या पट्ट्यातलं एक आणि पिवळ्या पट्ट्यातलं एक झाड कुदळीनं मातीसकट उचल. हातानं ओढू नकोस, गाठी तुटून जमिनीतच राहतात. गाठ नखानं फोड. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती कामावर आहे. हिरवट, राखाडी, पिचपिचीत असेल तर ती गुदमरून मेली. आता शेंगा भरायची वेळ आहे, त्यामुळे थोड्या गाठी तशाही म्हाताऱ्या झालेल्या असतील. म्हणून दोन पट्ट्यांतल्या गाठी एकमेकींशी ताडून बघायच्या.

आता खड्डा. तीन खण: एक पिवळ्या पट्ट्यात, एक हिरव्यात आणि एक बांधाच्या कडेला, जिथे कधीच चाक गेलेलं नाही. तिसरा खड्डा लोक खणत नाहीत, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुझी जमीन मुळात कशी होती ते फक्त तोच सांगू शकतो. दोन फूट लांब-रुंद, दोन फूट खोल पुरे. खणताना कुदळीच्या आवाजाकडे कान दे. वरच्या चार-पाच इंचांत ती भसकन जाते. मग एका ठिकाणी आवाज बदलतो, ठक्क होतो, हाताला झटका बसतो, आणि त्याच्या खाली पुन्हा मऊ लागते. जिथे ठक्क झालं तिथे खूण कर.

खड्ड्याची एक भिंत कुदळीनं गुळगुळीत झालेली असते, ती बघून काही कळत नाही. घरातली जुनी सुरी घे आणि ती भिंत वरून खाली टोकत ये, ढेकूळ हलक्या हातानं सुटू दे. चांगली काळी माती दाण्यादाण्यानं, कोपरे असलेल्या बारीक ढेकळांनी सुटते. दाबलेली माती आडवी, पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटते, आणि पापुद्र्याचा पृष्ठभाग लिंपलेल्या चुलीसारखा चमकतो. तिथे मुळं बघ. सोयाबीनचं सोटमूळ त्या थरावर येऊन काटकोनात वळलेलं असेल, बोटभर जाड होऊन आडवं पळालेलं असेल. माती निळसर-राखाडी असेल आणि गटारासारखा वास येत असेल, तर तिथे आठवडेच्या आठवडे हवा पोचलेली नाही.

आणि मग टेप लाव. थर किती खोलीवर आहे यावरूनच तुमच्या घरातला अर्धा वाद मिटेल. रोट्याची पाती चार ते सहा इंचांत फिरतात. ओली माती असली की प्रत्येक पात्याचा तळ खालच्या मातीवर गवंड्याच्या थापीसारखा घासतो, आणि वर्षातून दोनदा, दहा वर्षं, त्याच खोलीवर. तेव्हा ठक्क पाच-सहा इंचांवर झालं, थर पातळ असला आणि तो शेतातल्या दोन्ही खड्ड्यांत सापडला, तर तुझे वडील बरोबर. ठक्क आठ-दहा इंचांपासून सुरू होऊन सव्वा फुटापर्यंत जात असेल आणि फक्त पिवळ्या पट्ट्यात असेल, तर तो रोट्याचा नाही, रोटा तिथपर्यंत पोचतच नाही. तो वजनाचा थर आहे. माझा अंदाज विचारशील तर तुला दोन्ही सापडतील.

वजनाचा हिशेब डोक्यात ठेव. बैलजोडी टनाच्या आतली. पंचेचाळीस-पन्नास एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांचा. आपल्याकडे सोयाबीनला येणारं मोठं हार्वेस्टर आठ टनांच्या आसपास, आणि दाण्याची टाकी भरली की त्यावर आणखी दीड-दोन टन. त्यातला बराचसा भार पुढच्या दोन चाकांवर. टायरात हवा किती कडक आहे त्यावर वरच्या मातीची दाबणूक ठरते, पण खोल किती दाबलं जाईल ते एका आसावर एकूण वजन किती यावर. म्हणून रुंद टायर लावले की सगळं भागलं, हे खरं नाही. वरची माती वाचते, खालची नाही. दुसरी गोष्ट लोकांना पटत नाही: नुकसान बहुतेक पहिल्या फेरीतच होतं. त्याच मागावरून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेलं तर थोडीच भर पडते. पण दर फेरीला नवा माग धरला तर दर वेळी नवी जमीन दाबली जाते. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

जमिनीचं बाहेरून दिसणारं आकारमान निम्मं रिकामं असतं, चांगल्या जमिनीचं. त्या रिकाम्या जागेतच पाणी आणि हवा राहते. कोरड्या मातीचं वजन एका घनसेंटिमीटरला १.१ ते १.३ ग्रॅम असेल तर चिकण जमीन सुखात आहे, १.४ च्या पुढे मुळं अडखळायला लागतात. जागा कमी होते तेव्हा आधी मोठी भोकं मिटतात, ज्यांतून पाणी खाली जायचं. म्हणूनच तुझ्याकडे तीन दिवस तळं.

इथे एक शंका मिटवून घे, नाहीतर सगळा सल्ला फुकट जाईल. पाणी न जिरणं आणि कडक थर, ही दोन्ही लक्षणं चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीतही दिसतात. विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यातले, खारपाणपट्ट्यातले शेतकरी हे नीट जाणतात. घरी करायची परीक्षा सोपी: खालच्या थरातलं हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोड, पेला न हलवता ठेव. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ असेल आणि ढेकूळ नुसतं फुटून तळाशी बसलं असेल, तर ठीक. पाणी दुधासारखं गढूळच राहिलं असेल, तर मातीत सोडियम जास्त आहे, आणि तिथे लोखंडानं काही होत नाही, फोडलेला थर पहिल्या पावसात पुन्हा चिकटतो. मग कृषी विज्ञान केंद्रात माती दे आणि जिप्सम किती लागेल ते विचार. कयाधूकाठी मला याची फार शक्यता वाटत नाही, पण पेलाभर पाण्याची किंमत काय आहे?

तुझ्या वडिलांबद्दल. ते रोट्यावर चिडलेत, पण त्यांना बोचतंय ते दुसरंच असावं, असं मला पत्रावरून वाटलं. त्यांना एकदा विचार, वाफसा, म्हणजे माती औत धरण्याइतकी सुकली का, ते कसं बघायचे. ते सांगतील: अनवाणी चालायचं, पायाला माती चिकटली की परत फिरायचं. किंवा तळहातावर माती घेऊन मुठीत दाबायची, कमरेइतक्या उंचीवरून सोडायची. फुटली तर औत धरायचं. हेच काम स्वीडनच्या अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास प्रयोगशाळेत मांडलं. मातीची दोन तळव्यांमध्ये वळी वळायची. तीन मिलिमीटर जाडीपर्यंत वळली आणि तुटली नाही, तर माती अजून लोण्यासारखी आहे, दाबली की दाबलेलीच राहणार. त्याआधीच तुकडे पडले तर काम करायला हरकत नाही. माती मात्र वरची घेऊ नकोस. वरून वाळलेलं वावर सगळ्यांना फसवतं. ज्या खोलीवर पातं फिरणार त्या खोलीवरची घे, आणि हार्वेस्टर येणार असेल तर फूटभर खालची.

आता खरी गोष्ट. बैल दावणीला होते तेव्हा वाफसा शेतकऱ्याच्या हातात होता. आज नाही आला, परवा बघू. बैलांना चिखलात चालताही यायचं नाही, त्यामुळे मोहच नव्हता. आता वाफसा ट्रॅक्टरवाल्याच्या वहीत असतो. त्याच्याकडे वीस जणांची यादी, तुझा नंबर अकरावा; तो येईल त्या दिवशी तुझी जमीन तयार असो वा नसो, नाही म्हणालास तर पुढचे आठ दिवस तो येत नाही. आणि चार चाकं चालणारा ट्रॅक्टर चिखलातूनही निघतो, हाच घोटाळा आहे. यंत्र रुतत नाही याचा अर्थ जमीन तयार आहे, असा आपण घेतो.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. एका दसऱ्याच्या आसपास, हस्ताचा पाऊस होऊन दोन दिवस झालेले, हरभऱ्याच्या पेरणीची घाई, आणि ट्रॅक्टरवाला सकाळीच दारात उभा. माझ्या घरी तेव्हा एक म्हातारे सालगडी होते. त्यांनी वावरात पाय ठेवला, तळवा उलटा करून मला दाखवला. टाचेखाली दोन बोटं जाड चिखल. काही बोलले नाहीत. मी म्हटलं, आलाय तर मारून घेऊ. रोट्यामागून माती निघत होती ती भुगा नव्हे, कणकेच्या गोळ्यांसारखी, एका बाजूनं चकाकणारी. त्या दोन एकरांत हरभरा उगवला खरा, पण पुढच्या तीन हंगामांत मला बांधावरून ट्रॅक्टरचा प्रत्येक वळसा पिकात वाचता यायचा. सालगडी गेले, पण तो उलटा तळवा अजून दिसतो.

म्हणून रोटा विकायचा का? नको. कोरड्या-वाफशाच्या मातीत, वर्षातून एकदा, उथळ फिरवला तर तो बिचारा काही करत नाही. उन्हाळ्यात भुगा करण्याची मात्र हौस सोड. काळ्या जमिनीला निसर्गानं स्वतःची नांगरट दिली आहे. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, काठी घातली तर हातभर आत जाते. पहिला वळीव त्या भेगांतून सरळ खोल उतरतो. आपण मे महिन्यात रोटा मारून भेगांची तोंडं बुजवतो आणि वर पिठासारखी माती करून ठेवतो. एक जोराचा पाऊस, की त्या पिठाची खपली धरते आणि सोयाबीनचा कोंब खाली मान घालून बसतो. जुनी माणसं उन्हाळ्यात ढेकळं तशीच ठेवायची. मृगाच्या पावसानं ती आपोआप विरघळायची आणि मग वखराची एक पाळी पुरायची. आळस नव्हता तो.

जाता जाता, सगळीकडे हा थर शत्रू नसतो. कोकणातला भातवाला चिखलणी करून मुद्दाम असाच थर बनवतो, पाणी खाचरात टिकावं म्हणून. तिथेही नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी (सगुणा राइस तंत्र) पद्धतीत चिखलणी, लावणी, नांगरणी तिन्ही सोडून कायमच्या गादीवाफ्यांवर भात घेऊन दाखवलाय. पण ते पुढचं.

भावाचा सबसॉयलर. विकत घेऊ नका. भाड्यानं मिळतो, सात एकरांना चार-पाच वर्षांतून एकदा लागणारं अवजार कर्ज काढून अंगणात गंजायला ठेवणं म्हणजे हत्ती पोसणं. घ्यायचाच झाला तर महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर, अर्ज करून अनुदानाची वाट बघा, किंवा चार-पाच शेतकरी मिळून घ्या. आणि वापरायचा तर वेळ एकच: हरभरा निघाल्यावर, एप्रिल-मेमध्ये, दीड फुटापर्यंतची माती सुकी आणि ठिसूळ झाल्यावर. ओलीत सबसॉयलर चालवला तर तो थर फोडत नाही, लोण्यातून सुरी फिरावी तशी एक फट पाडतो आणि तिच्या दोन्ही बाजू लिंपून पुढे जातो. वरून बघणाऱ्याला वाटतं, काय छान काम झालं! पहिल्या फेरीनंतर ट्रॅक्टर थांबव, आडवा खड्डा खण आणि बघ: दोन्ही बाजूंची माती उचलली जाऊन भेगाळली आहे, की नुसती चीर आहे? चीर असेल तर त्याच क्षणी काम बंद करायचं, ठरलेलं भाडं देऊन टाकायचं. फण थराच्या तळाच्या दोन इंच खाली जाईल इतकाच; थर सव्वा फुटावर संपत असेल तर दोन फूट जायचं काही कारण नाही, डिझेल जळतं. दोन फटींमधलं अंतर साधारण खोलीएवढं ठेव, फार तर दीडपट.

पण त्याच्याही आधी, मे महिन्यात पिवळ्या पट्ट्यातला खड्डा पुन्हा एकदा खण. भेगा त्या थरातून आरपार खाली गेल्या असतील, तर जमिनीनं तुझं काम फुकटात सुरू केलंय, सबसॉयलरचा खर्चच करू नकोस. भेगा थरावर येऊन थांबल्या असतील तेवढ्याच पट्ट्यात चालव. अख्ख्या वावरात कशाला?

फोडलेल्या जमिनीबद्दल एक सावधगिरी. ती नुकत्याच उसवलेल्या कापडासारखी असते, जोर राहिलेला नसतो. लगेच त्यावरून पुन्हा ट्रॅक्टर फिरवला तर आधीपेक्षा वाईट बसते. फोडून झालं की त्या पट्ट्यात मुळं घाल. तूर घे. तुरीचं सोटमूळ सबसॉयलरच्या फटीतून खाली उतरतं, कुजल्यावर तिथे पाण्याची नळी उरते, आणि ती नळी पुढच्या पिकाला आयती मिळते. नाहीतरी सोयाबीन-हरभरा, सोयाबीन-हरभरा, दहा वर्षं तीच मुळं. जमीन कंटाळली असं वडील म्हणत असतील तर ते खोटं नाही. चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर ही आपल्याकडची जुनीच शिफारस आहे. सगळ्यात खराब एकरात पुढच्या खरिपात ताग पेरून फुलावर आल्यावर गाडून टाकलास, तर एक हंगाम जाईल, पण मी ते नुकसान धरत नाही.

आणि आता तुझं मोबाईलवालं. नांगरट बंद करा, हे म्हणणं हवेतलं नाही. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर विनानांगरणीबद्दल वर्षानुवर्षं स्वतःच्या शेतातून सांगत आले आहेत: मागच्या पिकाची मुळं जागेवर कुजू द्या, तीच तुमची नांगरट. मला ते पटतं. पण व्हिडिओत एक गोष्ट दिसत नाही. घट्ट थर तसाच ठेवून एका रात्रीत नांगर टाकून दिला, तर पहिली दोन वर्षं तुझी जमीन आहे तशीच दाबलेली राहील, तणनाशकाचा खर्च वाढेल, आणि तिसऱ्या वर्षी तू नांगरटीला शिव्या देण्याऐवजी विनानांगरटीला देशील. एकदा मोकळी कर, मग हळूहळू फेऱ्या कमी कर. सुरुवात हरभऱ्यापासून कर, यंदाच. हरभऱ्याला बारीक माती लागतच नाही, ढेकळांत तो खूश असतो. सोयाबीन काढल्यावर रोटा न मारता, धसकटांतच सरळ पेरणीयंत्रानं पेर, ओलही वाचेल. सगळ्या सात एकरांत नको, दोन एकरांत करून बघ. भुसकट एका जागी ढीग पडलेलं असेल तर ते आधी पसरून घे, पेटवू नकोस.

सगळ्यात तातडीचं शेवटी आलं, कारण ते समजायला वरचं सगळं लागतं. महिनाभरात पंजाबकडची हार्वेस्टरं आपल्या भागात येतील, आणि परतीचा पाऊसही त्याच वेळी. या वर्षीचा खरा निर्णय सबसॉयलरचा नाही, त्या दिवसाचा आहे. आपल्या भाषेत चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकानं पाडलेली वाट. शाळेत आपल्याला चाकोरीबाहेर पडा म्हणून शिकवतात. शेतात मात्र चाकोरीतच राहायचं. हार्वेस्टरवाल्याला सुरुवातीला भेट आणि तीन गोष्टी ठरव. गेल्या वर्षीच्या मागांवरूनच चालव, खुणेला मी काड्या रोवतो. ती जमीन मेलीच आहे, नवी मारू नको. दाण्याची टाकी वावरात काठोकाठ भरू नको, अर्धी झाली की धुऱ्यावर रिकामी कर. आणि ट्रॉली वावरात येणार नाही, ती रस्त्यावर उभी राहील. तो कुरकुर करेल, वेळ जातो म्हणेल. तासाला शंभर-दोनशे जास्त मागितले तर दे. रबरी पट्ट्यांचं हलकं हार्वेस्टर मिळत असेल तर ते आधी विचार. आणि फूटभर खालची माती वळीसारखी वळत असेल तर निदान खोलगट भाग तरी विळ्यानं कापून बांधावर मळणी यंत्रातून काढ. मजुरी परवडत नाही हे मला माहीत आहे. सगळ्या सातांची नको, पाणी साचतं त्या एक-दीड एकराची तरी.

ही चाकोरीची कल्पना पुढे नीट बसवता येते. हैदराबादजवळ पाटनचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकात काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत बसवली, दीड मीटरचा एक घास: मीटरभर वरंबा, अर्धा मीटर सरी, पीक वर आणि चाक खाली. आपण ज्याला बीबीएफ म्हणतो ते तिथूनच आलं. परभणीचं विद्यापीठही सोयाबीनला तेच सांगतं. लोक ते पाण्याचा निचरा म्हणून करतात, ते ठीकच. पण दर वर्षी वरंबे मोडून नवे पाडतात आणि अर्धा फायदा घालवतात. वरंबे जागेवर ठेवले, की चाक कायम सरीत आणि मुळं कायम न दाबलेल्या मातीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या डार्लिंग डाउन्समध्ये आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी माती आहे. तिथले शेतकरी सगळी यंत्रं एकाच रुंदीची करून ठरलेल्या चाकोऱ्यांवरच चालवतात. त्यांच्याकडे हजारो एकर आहेत, तुझे सात. तुला फक्त चार खुंट्या आणि सुतळी लागेल. भाड्याच्या ट्रॅक्टरला शेतात शिरताना टायरची हवाही बघायला सांग. रस्त्यासाठी कडक भरलेली असते, शेतात मागच्या चाकांना बारा-चौदा पीएसआय पुरते.

ट्रॅक्टरवाल्याच्या वहीचं काय करायचं, याला माझ्याकडे जादू नाही. आमच्या गावात आम्ही सहा जणांनी मिळून एक केलं: एकाच ट्रॅक्टरवाल्याला आमचं सगळं काम द्यायचं कबूल केलं, बदल्यात वाफसा कुणाच्या वावरात आधी येतो त्या क्रमानं यायचं. हलक्या, मुरमाड जमिनी आधी, काळ्या मागून. पहिल्या वर्षी भांडणं झाली. आता तो स्वतःच वावरात उतरून वळी वळून बघतो आणि कधीकधी मलाच परत पाठवतो.

खड्डे वडील आणि भाऊ, दोघांनाही सोबत घेऊन खण. सुरी वडिलांच्या हातात दे. ठक्क किती इंचांवर झालं, तिन्ही खड्ड्यांचं, आणि पेल्यातलं पाणी कसं दिसलं, ते लिहून पाठव. बुजवताना खालची माती खाली आणि वरची वरच टाक, आणि पायानं दाबू नकोस.